दुखायचं थांबलं म्हणजे विष उतरलं नव्हे

विंचू चावलेल्या पोराचं ठणकणं थांबलं, अंगाला दरदरून घाम सुटला आणि हातपाय गार पडले, तर घरच्यांनी अंगारा लावत बसू नये, गाडी काढावी. कोल्हापूर जिल्ह्यातल्या गगनबावड्याच्या रस्त्यावरच्या माझ्या दवाखान्यात मी हे एवढंच वर्षानुवर्षं सांगत आले. ऐकणारे मान डोलवायचे. आणि पुढच्या मे महिन्यात तिन्हीसांजेला विंचू चावलेलं पोर मध्यरात्री खांद्यावर टाकून कुणीतरी यायचंच. "बाई, इख उतरलंय, दुखत न्हाई म्हंतोय आता. पर लई गार पडलाय."

आपल्याकडं विंचवाचे हंगाम दोन. एक वळवाच्या आगेमागे, दुसरा भातकापणीचा. पावसाळ्याच्या बेगमीसाठी परड्यातली हुडवी मोडून शेणी सोप्यात रचायच्या, जळण माळ्यावर चढवायचं, घर शाकारायचं. या सगळ्या कामांत डोळा पोचायच्या आधी हात पोचतो. दिवाळीच्या सुमाराला बीडकडून ऊसतोडीच्या टोळ्या येतात, त्यांच्या कोपीत तर निजायला भुईच. लोक घाबरतात ते काळ्या, जाडजूड इंगळीला. तिचा ठणका जबर असतो, पण त्यानं सहसा जीव जात नाही. जीव घेतो तो तांबूस, दोन-तीन इंचांचा, बारीक चिमट्यांचा किडकिडीत विंचू. त्याचं शास्त्रीय नाव हॉटेंटोटा टॅम्युलस. आम्ही शिकत होतो तेव्हा त्याला ब्युथस म्हणायचे, मध्यंतरी मेसोब्युथस झालं. प्राणिशास्त्रज्ञांनी नाव कितीदाही बदलावं, नांगी तीच आहे.

दवाखाना थाटण्याआधी काही काळ मी वैद्यकीय महाविद्यालयात शरीरक्रियाशास्त्र शिकवलं. त्यामुळं रुग्णाच्या नातेवाइकांना फळ्यावर शिकवल्यासारखं समजावून सांगायची खोड मला लागली ती लागलीच. इथंही तेच करते, कारण हे विष काय करतं ते नीट समजलं की पुढचं सगळं आपोआप समजतं.

मज्जातंतूच्या कातडीत सोडियमची दारं असतात. संदेश जायचा असला की दार उघडतं, सोडियम आत घुसतो, आणि सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या आसपास ते आपलं आपण मिटतं. हॉजकिन आणि हक्सली या इंग्रज शास्त्रज्ञांनी समुद्रातल्या स्क्विड या प्राण्याच्या जाड मज्जातंतूवर काम करून १९५२ साली हा हिशेब मांडला, आणि १९६३ साली त्यांना नोबेल मिळालं. या सगळ्यात उघडण्याइतकंच मिटणंही महत्त्वाचं. तांबड्या विंचवाच्या विषातला एक घटक नेमका मिटण्याच्या जागी जाऊन बसतो. दार उघडतं ते वेळेवर मिटत नाही. मज्जातंतू थांबायचं विसरतो आणि त्याच्या टोकाशी साठवलेली रसायनं बाहेर पडत राहतात.

आधी अ‍ॅसिटिलकोलीन सुटतं. मग उलट्या, लाळ, पाण्यासारखा घाम. मुलगा असेल तर त्याचं लिंग ताठ होतं. हे आया सांगत नाहीत, लाजतात. मीच चड्डी खाली ओढून बघायची, कारण हे लक्षण दिसलं की विष अंगात भिनलंय याबद्दल शंका राहत नाही. पाठोपाठ नॉरअ‍ॅड्रेनॅलिन आणि अ‍ॅड्रेनॅलिन यांचा लोंढा येतो. इथं गोष्ट मज्जातंतूंकडून स्नायूंकडं जाते. हे दंडातले-मांडीतले स्नायू नव्हेत. आतडं, मूत्राशय, गर्भाशय, श्वासनळ्या आणि रक्तवाहिन्या यांच्या भिंतींत जे स्नायू असतात, ते आपल्या हुकमात नाहीत. अ‍ॅड्रेनॅलिनचं बोलावणं आलं की बारीक धमन्यांमधले हे अनैच्छिक स्नायू आवळतात. हातपाय गार पडतात ते यामुळं. रक्तदाब चढतो. आवळलेल्या वाहिन्यांत रक्त ढकलता ढकलता कोवळं हृदय थकतं, फुप्फुसात पाणी भरतं, खोकल्याबरोबर गुलाबी फेस येतो. तो फेस ज्या डॉक्टरनं एकदा पाहिला, तो "विंचूच आहे, काही होत नाही" असं जन्मात म्हणणार नाही.

म्हणजे रुग्ण मरतो तो स्वतःच्याच अंगातल्या रसायनांनी. नांगी लागलेल्या जागेचं दुखणं हा यातला सगळ्यात किरकोळ भाग. पुष्कळदा उलटच दिसतं. जो ठणक्यानं ओरडतोय, गडाबडा लोळतोय, पण ज्याचे तळवे उबदार आहेत, त्याची मला फारशी काळजी नसते. गप्प पडलेलं, घामेजलेलं, गार पोर मला घाबरवतं.

हे सगळं आम्हाला पुस्तकानं शिकवलं नव्हतं. आम्हाला शिकवलं ते सह्याद्रीपलीकडच्या एका डॉक्टरनं. डॉ. हिंमतराव बावस्कर मूळचे जालना जिल्ह्यातले. १९७६ साली ते महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. कोकणातल्या जांभ्या दगडाच्या मातीत तांबडा विंचू भरपूर. रात्रभर रुग्णाच्या उशाशी बसून त्यांनी घाम, उलट्या, नाडी, हातापायांची ऊब यांची नोंद ठेवली. त्या नोंदींवरून १९८२ साली 'लॅन्सेट'मध्ये त्यांचा लेख आला: कुठली लक्षणं दिसली की हृदयावर संकट येणार. लंडनच्या त्या नियतकालिकात प्राथमिक आरोग्य केंद्रातलं काम छापून येणं ही साधी गोष्ट नव्हती.

औषधाची गोष्ट मला त्याहून आवडते. त्या काळी विंचू चावलेल्याला काय काय दिलं जाई! स्टेरॉइड, अ‍ॅलर्जीची इंजेक्शनं, अ‍ॅट्रोपिन, गुंगीची औषधं. माणसं तरीही मरत. बावस्करांनी प्रश्न बदलला. विषाला सोडा, आवळलेली धमनी आधी सैल कशी करायची? त्यांनी आधी सोडियम नायट्रोप्रुसाइड सलाइनमधून दिलं. लागू पडलं, पण थेंबाथेंबावर नजर ठेवावी लागते. खेड्यात रात्री दोन वाजता ती नजर कोण ठेवणार? मग ते प्राझोसिनकडं वळले. ही रक्तदाबाची साधी, तोंडानं घ्यायची गोळी. धमनीच्या अनैच्छिक स्नायूवर अ‍ॅड्रेनॅलिन ज्या जागी येऊन बसतं, ती अल्फा-१ नावाची जागा ही गोळी अडवते. स्नायू सैल पडतो, हृदयावरचा भार उतरतो. १९८६ साली हेही 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं. प्राझोसिनच्या आधी गंभीर विषबाधा झालेल्या शंभरातले तीसेक रुग्ण दगावत, नंतर ते प्रमाण चाराच्या खाली आलं. २०२२ साली बावस्करांना पद्मश्री मिळाली. उशीरच झाला, असं माझं मत.

ही गोळी सोडियमच्या दाराला हातसुद्धा लावत नाही. विष आपल्या जागी बसलेलंच असतं. गोळी त्याच्या पुढच्या टप्प्यावर, स्नायूपाशी काम करते आणि जीव तगवून धरते. विषाला बांधायचं तर प्रतिविष हवं. ते परळच्या हाफकिननं तयार केलं. बावस्कर पती-पत्नींनी महाडच्या आपल्या रुग्णालयात ७० रुग्णांवर तुलना केली आणि ती २०११ साली 'बीएमजे'मध्ये आली. प्राझोसिनबरोबर प्रतिविषही दिलेल्या ३५ पैकी ३२ जण दहा तासांत पूर्ण बरे झाले, नुसत्या प्राझोसिनवरचे ३५ पैकी ८. म्हणजे दोन्ही मिळालं तर उत्तमच. पण प्रतिविष थंड ठेवावं लागतं, शिरेतून द्यावं लागतं, आणि ते सगळीकडं नसतं. गोळी खिशात मावते.

धामणी खोऱ्यातलं एक पोर आठवतं. सात-आठ वर्षांचं. आज्यानं आणलेलं, बरोबर आई. संध्याकाळी शेणी आणायला पाठवलं तिथं चावलं. गावात 'उतरवणारा' होता, त्यानं दोन तास उतरवलं. पोर शांत झालं म्हणून घरचे जेवायला बसले. आईनं सहज पाय चाचपला तर बर्फ. माझ्याकडं आलं तेव्हा सदरा पिळून काढावा इतका घाम, नाडी धावत होती, दाब त्याच्या वयाला शोभणारा नव्हता. छातीत अजून पाणी नव्हतं, हे त्याचं नशीब. गोळी दिली, लिंबूपाणी घोटाघोटानं पाजायला सांगितलं आणि आज्याला बजावलं, "त्याला उठवून बसवायचं नाही, मुतायलासुद्धा नाही." प्राझोसिननं दाब झटकन उतरतो, रुग्ण उभा राहिला तर चक्कर येऊन पडतो. मग दर अर्ध्या तासानं अंगठ्याला हात लावून बघायचा. यंत्रं असोत नसोत, पायाचा अंगठा कोमट झाला की धमनी सैल पडली. पहाटे तो झाला. आज्या म्हणाला, "त्यो म्हातारा पण चांगला उतरवतोय, बाई, पर ह्या बारीला कमी पडला."

त्या म्हाताऱ्याला मी शिव्या देणार नाही. त्याचा अनुभव खराच आहे. बहुतेक विंचू जीवघेणे नसतात, आणि तांबडा चावला तरी प्रत्येक वेळी पुरेसं विष शिरतंच असं नाही. तेव्हा दहा जणांवर मंत्र टाकला तर त्यातले पुष्कळसे मंत्राशिवायही बरे होणारच होते. त्यांचं श्रेय त्याला मिळतं, आणि जो दगावतो तो 'उशिरा आणला' म्हणून दवाखान्याच्या नावावर जमा होतो. पण कायदा या बाबतीत स्पष्ट आहे. महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याच्या अनुसूचीत कुत्रा, साप किंवा विंचू चावलेल्याला वैद्यकीय उपचार घेण्यापासून रोखून मंत्रतंत्र, गंडेदोरे करणं हा गुन्हा आहे. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत. गावच्या ग्रामसभेत हा कायदा वाचून दाखवलेला मी तरी ऐकला नाही.

मात्र सगळं खापर मांत्रिकावर फोडणं आम्हा डॉक्टरांना फार सोयीचं पडतं. आम्हीही दुखण्यालाच भुलतो. चावलेल्या जागी लिग्नोकेनचं इंजेक्शन दिलं की ठणका पटकन थांबतो, कारण लिग्नोकेन सोडियमचं तेच दार बंद करतं, पण तेवढ्या जागेपुरतं. रुग्ण हसत घरी जातो. जे विष आधीच रक्तात गेलं, त्याचं काय? अजूनही चिठ्ठ्यांवर स्टेरॉइड आणि अ‍ॅलर्जीचं इंजेक्शन दिसतं, प्राझोसिन दिसत नाही. अ‍ॅट्रोपिननं घाम-लाळ थांबते, चित्र सुधारल्यासारखं वाटतं, पण धावणारं हृदय आणखी धावतं. लक्षण पुसायचं आणि रोग ठेवायचा, याला मी उपचार म्हणत नाही.

इथं एक आडवळण घेते. निवृत्तीनंतर वाचायला वेळ मिळतो, त्यात हे सापडलं. आम्हाला शिकवलं होतं की अनैच्छिक स्नायू कॅल्शियमवर चालतात, सोडियमचं दार मज्जातंतूंचं, हृदयाचं आणि हाडांवरच्या स्नायूंचं. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये जियानरिको फरुजा यांच्या गटानं २००२ साली दाखवलं की माणसाच्या लहान आतड्याच्या वर्तुळाकार अनैच्छिक स्नायूतही सोडियमची दारं आहेत, आणि तीही हृदयातल्याच जातीची, एससीएन५ए याच जनुकानं घडवलेली. यासाठी आतड्याचे तुकडे कुठून मिळाले? स्थूलपणासाठी पोटाची शस्त्रक्रिया होते तेव्हा जे कापून टाकून दिलं जातं, त्यातून. पुढं याच गटाला कुत्र्याच्या आतड्यात ही दारं सापडली, पण डुक्कर, उंदीर आणि गिनीपिग यांच्या आतड्यात नाहीत. म्हणजे नुसत्या उंदरांवर विसंबलं असतं तर हे कळलंच नसतं. आतड्याच्या जुनाट तक्रारी असलेल्या, ज्यांना आयबीएस म्हणतात अशा ५८४ रुग्णांचं जनुक २०१४ साली तपासलं, तर १३ जणांत या दाराचा बिघाड निघाला. त्यातल्या एका बद्धकोष्ठाच्या रुग्णाला हृदयाच्या ठोक्यांसाठी वापरलं जाणारं मेक्सिलेटिन देऊन आराम पडला.

शंभरात दोन. थोडेच झाले. पण त्या दोघांना आपल्याकडं काय सांगितलं जातं? "मनाचं आहे, तेलकट खाऊ नका, सकाळी फिरायला जा." रंकाळ्यावर फिरणाऱ्यांत असे किती असतील कोण जाणे. फरुजांनी आणि बावस्करांनी, एकानं सुसज्ज प्रयोगशाळेत आणि दुसऱ्यानं कंदिलाच्या उजेडाच्या दिवसांत, जवळजवळ एकच प्रश्न विचारला: नेमकी कुठली पेशी, आणि तिच्यावरची कुठली जागा? रुग्णाला 'मनाचं' म्हणून किंवा 'विंचूच आहे' म्हणून घरी पाठवणाऱ्याला हा प्रश्न पडत नाही.

आणि मूलभूत संशोधनाचा खेड्याला काय उपयोग, असं विचारणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. सोडियमचं दार हे कुठलं प्रथिन आहे ते १९८० साली विल्यम कॅटरॉल यांच्या प्रयोगशाळेनं शोधलं, ते विंचवाचं विष वापरूनच. विष जिथं जाऊन घट्ट बसतं तेच दार, म्हणून विषालाच खूण करून त्यांनी प्रथिन ओळखलं. तो विंचू आफ्रिका आणि पश्चिम आशियाच्या वाळवंटातला. आपल्या तांबड्या विंचवाच्या विषातून १९९० साली मर्क कंपनीच्या संशोधकांनी ३७ अमिनो आम्लांचा आयबेरियोटॉक्सिन नावाचा घटक वेगळा काढला. तो पोटॅशियमचं एक मोठं दार अडवतो, आणि ते दार अनैच्छिक स्नायूंत भरपूर असतं. आज रक्तवाहिनीच्या स्नायूचा अभ्यास करणारे जगभरातले लोक हा घटक विकत घेऊन वापरतात. विंचू आपल्या बांधावरचा, मेलेली पोरं आपली, आणि विषाचा अभ्यास दुसरीकडं. शिवाजी विद्यापीठ आणि शासकीय वैद्यकीय महाविद्यालय एकाच शहरात आहेत. आपल्या जिल्ह्यातल्या विंचवांच्या जाती, त्यांच्या विषातला फरक, कुठल्या तालुक्यात कुठला विंचू, हा अभ्यास इथं होऊ शकतो, आणि तो इथंच व्हायला हवा.

पण संशोधनाची वाट बघायची गरज गोळीला नाही. ती ४० वर्षांपूर्वी सापडली आहे. स्वस्त आहे, तिला फ्रीज लागत नाही. तरी शाहूवाडी, गगनबावडा, भुदरगड, चंदगड या तालुक्यांतल्या वाडीवस्तीवर विंचू चावला की पहिला शब्द कानावर येतो तो "सीपीआरला न्या", म्हणजे कोल्हापूरच्या सरकारी रुग्णालयात. न्यायला हवंच, गंभीर रुग्ण मोठ्या रुग्णालयातच बरा. पण घाटातल्या वळणांवर जो तास-दीड तास जातो, तेवढ्यातच छातीत पाणी भरतं. पावसाळ्यात गगनबावड्याच्या रस्त्यावर पुराचं पाणी आलं की वाटच बंद. पहिली गोळी सीपीआरच्या दारात नव्हे, निघतानाच पोटात गेली पाहिजे.

सापाच्या बाबतीत सरकार जागं झालं. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१७ साली सर्पदंशाला दुर्लक्षित उष्णकटिबंधीय आजारांच्या यादीत घेतलं, २०२४ साली केंद्रानं राष्ट्रीय कृती आराखडा काढला. चांगलं झालं. विंचूही त्याच बांधावर, त्याच शेणीखाली असतो, आणि त्याचे बळी बहुतेक करून लहान मुलं असतात. त्याच कामाला त्यालाही जोडून घ्यायला फार खर्च येणार नाही.

माझं म्हणणं जिल्हा परिषदेच्या आरोग्य विभागाला आहे. एप्रिल संपायच्या आत प्रत्येक उपकेंद्रात साधी प्राझोसिन गोळी पोचवा. साधीच, हळूहळू सुटणारी नको, तिचा परिणाम यायला वेळ लागतो आणि ती मोडून मुलाला देताही येत नाही. समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांना वजनाप्रमाणे मात्रा, गार हातपाय ओळखणं आणि रुग्णाला आडवं ठेवणं एवढं एका दुपारी शिकवता येतं. घरच्यांनी ती स्वतःच्या मनानं देऊ नये, हेही त्याच वेळी सांगा. प्रतिविषाचा साठा निदान प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात असू द्या. लक्षणं दिसोत न दिसोत, तांबड्या विंचवाच्या रुग्णाला २४ तास डोळ्यांसमोर ठेवा. आणि सीपीआरला पाठवायच्या चिठ्ठीवर दोन रकाने छापा: विंचू किती वाजता चावला आणि पहिली गोळी किती वाजता दिली. वर्षाअखेरीस त्या दोन वेळांमधलं अंतर तालुक्यानिहाय जाहीर करा.